नोकरी करत शिकणाऱ्याची फी कोणी भरायची? सिडनहॅम ते जालना : एक राहून गेलेला हिशेब



गेल्या वर्षी वस्तीतल्या कामाच्या निमित्ताने घनसावंगी तालुक्यातली एक भगिनी आम्हाला भेटली. एका कॉलेजच्या ऑफिसात ती कंत्राटी शिपाई आहे. सकाळी कुलूप तीच उघडते, संध्याकाळी तीच लावते. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत पोरांचे फॉर्म तीच लावून देते. बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण सुटले, म्हणून तिने बाहेरून बी.ए.ला प्रवेश घेतला. फी बचत गटातून उचलली. परीक्षेच्या दिवसांचा पगार कापला गेला. शिष्यवृत्तीचे विचारले, तर खिडकीवरच्या माणसाने एका वाक्यात वाटेला लावले, "नोकरीवाल्याला स्कॉलरशिप नसते."

ती जे कॉलेज झाडते, त्याच कॉलेजच्या वर्गात बसायला तिला कर्ज काढावे लागते. आम्ही हा लेख लिहितोय तो या एका वाक्यासाठी. नोकरी करणाऱ्याने शिकावे कसे आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या चळवळीचा इतिहास या प्रश्नाने भरलेला आहे. आपण बाबासाहेबांच्या डिग्र्या पाठ करतो. त्या डिग्र्यांची फी कुठून आली, हे मात्र क्वचित सांगतो.

दिवसा राबणाऱ्यांची पहिली शाळा

सुरुवात जोतिबांपासून करावी लागते. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. माणूस शाळेच्या वेळेत बसत नसेल तर शाळेने वेळ बदलावी, हा विचार इथे सुरू होतो. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतिबांनी पैशाचा प्रश्न उभा केला. सरकारी तिजोरी कष्टकऱ्यांच्या करातून भरते आणि त्यातून उच्च शिक्षण मात्र वरच्या जातींच्या पोरांना मिळते, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे वेळ आणि पैसा या दोन्ही अडचणी जोतिबांनी दीडशे वर्षांपूर्वीच नेमक्या दाखवल्या होत्या.

शिष्यवृत्ती, करार आणि अर्धवट राहिलेला अभ्यास

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमरावांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार होता की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची. त्या जोरावर कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केले, आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास तसाच सोडून परत यावे लागले. विद्यापीठाने एवढीच सवलत दिली, की चार वर्षांच्या आत परत या आणि पुरे करा.

बडोद्यात पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकायचे, राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. शिक्षणाच्या बदल्यात नोकरीचा करार होता, पण ती नोकरी माणूस म्हणून करता येईल याची हमी कोणी दिली नव्हती. शिक्षणाच्या मदतीला नोकरीची अट जोडली, की त्या नोकरीतली जात मदतीलाही चिकटते, हा पहिला धडा.

सिडनहॅमचा प्राध्यापक : कॉलेजचा नोकरदार, स्वतःच्या शिक्षणाचा सावकार

आमच्या विषयाशी सगळ्यात जवळचे प्रकरण पुढचे आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम होती. तरीही ते परळच्या चाळीत राहिले, घरखर्चाला मोजके पैसे दिले आणि बाकीचे लंडनसाठी बाजूला टाकत गेले. त्या काटकसरीचा खरा भार रमाईंनी उचलला. कॉलेजात विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करत होते, आणि काही सहकारी प्राध्यापक मात्र स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणत होते.

मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हातात स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. एवढ्यावर ते जुलै १९२० मध्ये लंडनला परतले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी.

याकडे आपण बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून पाहतो. जिद्द होतीच. पण समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला यात एक व्यवस्थाही दिसते. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला पुढे शिकायचे होते. त्यासाठी त्याला नोकरी सोडावी लागली, बायकोला अर्धपोटी राहावे लागले, मित्राचे कर्ज घ्यावे लागले आणि एका राजाचा दरवाजा ठोठवावा लागला. साडेचारशे पगार असलेल्या माणसाची ही गत, तर गिरणीतल्या, रेल्वेतल्या, म्युनिसिपालटीतल्या आपल्या लोकांचे काय? आम्हाला वाटते, बाबासाहेबांनी हा प्रश्न स्वतःपुरता मिटवून सोडून दिला नाही. संधी मिळताच त्यांनी तो संस्थेच्या पातळीवर सोडवायला घेतला.

सकाळचे कॉलेज

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाल्यावर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. अलीगढ आणि बनारस विद्यापीठांना सरकार लाखांनी पैसे देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली ती याच धडपडीतून. आज आपली लाखो मुले जी स्कॉलरशिप म्हणतात, तिचे मूळ इथे आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. या कॉलेजची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्याचे वेळापत्रक. वर्ग सकाळी भरत. ज्याला दहा-अकराला ऑफिस गाठायचे आहे, त्याने आधी वर्ग करावा आणि मग हजेरी लावावी. कारकून, टपालखात्यातले, रेल्वेतले, बंदरावरचे तरुण पदवीपर्यंत पोहोचले ते या वेळापत्रकामुळे. १९५३ मध्ये वाणिज्य आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालयही आले. पहिल्या पिढीतले कितीतरी वकील आणि अधिकारी असे नोकरी सांभाळत घडले.

सिडनहॅममध्ये ज्याला शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागली, त्याने पंचवीस वर्षांनी असे कॉलेज काढले जिथे शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागू नये. साथींनो, या दोन घटना आपण शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

मराठवाड्यात काय झाले

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ ला. निजामाच्या राज्यात पदवी म्हणजे बहुतेकांसाठी हैदराबाद आणि उर्दू माध्यमाचे उस्मानिया. गावकुसाबाहेरच्या पोराला ते स्वप्नातही परवडणारे नव्हते. १९४८ ला निजामी संपली आणि जून १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद झाले. नागसेनवनाने मराठवाड्याच्या दलित तरुणाला पहिल्यांदा वसतिगृह, ग्रंथालय आणि आत्मविश्वास दिला. जालना, अंबड, भोकरदन, परतूरकडची आपली आधीची पिढी रेल्वेने, एसटीने तिथेच गेली.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ उघडले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळाली, माणसे मारली गेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच १९७८ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. मालकाने कामगाराच्या शिक्षणाची फी भरली तर ठरावीक मर्यादेपर्यंत ती रक्कम करपात्र उत्पन्न धरायची नाही. आज ज्या कोलंबियात बाबासाहेब शिकले, तिथे विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना फीमाफीत शिकण्याची सोय आहे. तिकडे कर्मचाऱ्याच्या फीचा प्रश्न सुटत होता, इकडे विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव लावायला आपण रक्त सांडत होतो. नाव मिळाले. पण त्या कमानीखालून रोज झाडू घेऊन आत जाणाऱ्याला वर्गात जाता येते का, हा प्रश्न आपण विचारायचा राहिलो.

नियम काय सांगतो

मदत अजिबात नाही असे नाही. प्राध्यापकांना पीएच.डी.साठी पगारी अध्ययन रजा मिळते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. पण दोन्हीकडे माणूस कायम नोकरीत लागतो. कंत्राटी शिपाई, सफाई कामगार, वॉचमन यांची नावे एजन्सीच्या रजिस्टरवर असतात. त्यांना रजा नाही आणि फीही नाही. आणि ही कामे करणारे बहुतेक कोणत्या वस्तीतून येतात, हे आपल्याला सांगायला नको.

आता त्या खिडकीवरच्या वाक्याकडे. "नोकरीवाल्याला स्कॉलरशिप नसते" हे अर्धसत्य आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीत स्पष्ट लिहिले होते, की नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि पालकांचे मिळून उत्पन्न मर्यादेत असेल, तर त्याला सक्तीच्या ना-परतावा फीची प्रतिपूर्ती मिळेल. पूर्ण अभ्यासक्रमासाठी बिनपगारी रजा घेतली, तर पूर्ण शिष्यवृत्ती. पत्राद्वारे शिकणाऱ्यालाही फी आणि पुस्तकांचा भत्ता. ही ओळ किती कॉलेजांच्या नोटीस बोर्डवर लागली? आम्ही तरी कुठे पाहिली नाही. म्हणून तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. चालू वर्षाचा शासन निर्णय मागा आणि नकार लेखी घ्या.

पण नियम असूनही गणित बसत नाही. उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ पासून अडीच लाख झाली. महिना बारा हजार मिळवणाऱ्या एकट्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न होते १ लाख ४४ हजार. घरातल्या दोघांनी तेवढेच मिळवले तर होतात २ लाख ८८ हजार, म्हणजे घर यादीबाहेर. दोघे राबतात म्हणून कोणीच शिकायचे नाही, असा याचा अर्थ होतो.

आपल्यातलेच काही आक्षेप

काही साथी म्हणतात, आधीच शिष्यवृत्तीचा पैसा वेळेवर येत नाही, त्यात नोकरी करणाऱ्यांना वाटा कशाला? आधी पोरे शिकू द्या. आम्हाला हा आक्षेप खोटा वाटत नाही. पण आमची मागणी त्या ताटातली नाही. विद्यापीठाने आणि कॉलेजने स्वतःच्या कर्मचाऱ्याची फी माफ केली, तर कोणाच्या खिशातून पैसे जात नाहीत. कला शाखेच्या वर्गात बाके रिकामी आहेत. एक बाक कॉलेजच्याच शिपायाने भरले तर कॉलेजचे काय बुडते?

दुसरे म्हणतात, मुक्त विद्यापीठ आहे की. बरोबर, १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत नेले. त्याचे ऋण आम्ही मानतो. पण तिथेही फी भरावी लागते आणि परीक्षेला सुट्टी लागते. दार उघडे असले तरी उंबरठा तसाच आहे.

मागायचे काय

जालना जिल्ह्यातल्या साथींनी पुढच्या चौदा एप्रिलच्या आत प्रत्येक कॉलेजच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या कुलगुरूंना निवेदन द्यावे, असे आम्हाला वाटते. मागण्या पाचच.

१. विद्यापीठ आणि संलग्न कॉलेजांत काम करणाऱ्या प्रत्येकाला, कायम असो वा कंत्राटी, त्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी माफ.

२. परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा, आणि एजन्सीच्या करारात तशी अट.

३. जालना, अंबड, परतूर, भोकरदनसारख्या ठिकाणी निदान एका कॉलेजात सकाळचे वर्ग.

४. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांबाबतचे शिष्यवृत्तीचे नियम मराठीत नोटीस बोर्डवर.

५. मदतीच्या बदल्यात बाँड नको. बडोद्याचा धडा आपण विसरलेलो नाही.

ती भगिनी आता दुसऱ्या वर्षाला आहे. बचत गटाचे हप्ते चालू आहेत. मागच्या महिन्यात आम्ही तिच्यासोबत त्या खिडकीवर गेलो आणि नकार लेखी मागितला. खिडकीवरच्या माणसाने पहिल्यांदाच फाईल उघडली आणि म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." अजून उत्तर आलेले नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत. तुमच्या गावच्या कॉलेजात असे कोणी असेल, तर तुम्हीही त्यांच्यासोबत जा.

जय भीम! जय फुले! जय संविधान!