राईट की माईट

भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच माणसाने करण्यासारखी कामे दोनच. झोपणे, आणि झोप येत नाही म्हणून घरच्यांवर खेकसणे. मागच्या मे महिन्यात आमच्या कन्येने तिसरे काम काढले. तिने स्क्रॅबलचा पट मांडला. पहिल्याच फेरीत माझ्या हाती क्यू आला, आणि यूचा पत्ता नाही. बँकेतल्या माणसाला क्यू एकच ठाऊक. तो काउंटरसमोर असतो आणि पुढे सरकत नाही.

शेवटी पोरीला माझी दया आली. मोबाइलवर बोट फिरवून ती म्हणाली, "बाबा, कनात लावा ना!"

कनात मला लग्नाच्या मांडवाची ठाऊक. पण इंग्रजी कोशात कनात म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा भुयारी कालवा. क्यूच्या मागे सरळ ए, यूची गरजच नाही. शिवाय असले कालवे आमच्या शेजारी बऱ्हाणपुरात, एके काळच्या खानदेशच्या राजधानीत, मोगल अमदानीपासून आहेत. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. चौदा गुण मिळाले.

"सापडला कसा गं तुला?"

"अक्षरं टाकायची, शब्द येतात," ती म्हणाली. जणू नळ सोडायचा, पाणी येते. (आमच्या गावी नळ सोडला तरी पाणी येतेच असे नाही, ते सोडा.)

मला आजोबांची वही आठवली.

आजोबा रेल्वेत कारकून होते आणि त्यांना शब्दकोड्यांचा नाद होता. हा नाद जगाला लावला आर्थर विन नावाच्या लिव्हरपूलच्या गृहस्थाने. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात त्याने पहिले शब्दकोडे छापले. पुढे मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स या बेकार वास्तुशिल्पकाराने वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून खेळ तयार केला. जे अक्षर जास्त वेळा येते त्याची किंमत कमी. म्हणून ईच्या सोंगट्या बारा, गुण एकेक. क्यू आणि झेड एकेकटे, पण गुण दहा-दहा. १९४८ साली त्या खेळाला स्क्रॅबल हे नाव मिळाले.

त्याच १९४८ साली आमच्या मुंबई प्रांताने मात्र बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. कारण आपल्याकडे कोडे सोडवून कोणी स्वस्थ बसत नव्हते. कोड्यावर पैसे लागत होते. कूपन भरायचे, प्रवेश फी धाडायची, आणि आपले उत्तर संपादकाच्या मोहोरबंद पाकिटातल्या उत्तराशी जुळते का याची वाट बघायची.

आता यातली मेख पाहा. कोश लावलेला असतो पहिल्या अक्षरावर, आणि कोडेवाला नेमके पहिले अक्षरच गाळतो! पुढे आय, जी, एच, टी दिलेले, डोके रिकामे. आजोबा वहीच्या कडेला एपासून झेडपर्यंत अक्षरे उभी मांडत आणि एकेक लावून कोशात बघत. फाईट, लाईट, माईट, नाईट, राईट, साईट, टाईट. यमक जुळवत गेले तर इथवर पोचता येते. पण एट, म्हणजे आठ, त्याच अक्षरांनी संपतो आणि कानाला मुळीच सापडत नाही. तो आजोबांनी धरला होता. वाईट हा जुना शब्दही, माणूस या अर्थाचा, डब्ल्यूखाली होता. मी लहानपणी तो मराठी समजून वाचला होता. एकूण नऊ.

पण नवांतला लिहायचा कोणता? १९५१ साली एका स्पर्धेत (नाव सांगत नाही) सूचना होती, 'जगात शेवटी याचाच विजय होतो.' स्वातंत्र्य मिळून चार वर्षे झालेली. आजोबांनी राईट लिहिले. पाकिटातून निघाले माईट. बाकी सगळे बरोबर. एका अक्षराने बक्षीस गेले. त्या पैशांतून घरावरचे पत्रे बदलायचे ठरले होते. आजी एवढेच म्हणाली, "अहो, मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं."

पुढे हा वाद थेट सुप्रीम कोर्टात पोचला. आजोबांचा नव्हे, बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातल्या आर. एम. डी. सी. कोड्यांचा. ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला की नशिबावर चालणारी बक्षीस-स्पर्धा हा जुगार आहे, व्यापार नव्हे. आणि पत्र बाहेरच्या राज्यात छापले तरी पैसे इथे गोळा होतात, तेव्हा मुंबई राज्य कर लावू शकते. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याचे बक्षीस हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर आणून ठेवल्या होत्या. तोही त्याच दिवशी टिकला. मात्र तो जुगारवजा स्पर्धांनाच लागू, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही, असे कोर्टाने सांगितले.

आजोबांनी ते कात्रण वहीत चिकटवले आणि 'कौशल्य' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मला विचाराल तर दोन्ही पक्ष खरे. नऊ शब्द शोधणे हे कौशल्य. त्यांतला संपादकाच्या मनातला ओळखणे हा मटका.

त्या दुपारी मी माळ्यावरून वही काढली. पोरीने मोबाइलमध्ये एक जागा रिकामी सोडून आय, जी, एच, टी टाकले. आजोबांचे नऊच्या नऊ शब्द निघाले. वर आणखी काही आले, त्यांत एक बाईट. चावण्याचा नव्हे, समुद्रकिनाऱ्याचा बाक. बी हे दुसरेच अक्षर, आणि आजोबांनी तिथे फुली मारली होती.

"एवढा सोपा कसा सुटला पणजोबांचा?"

"भुसावळला समुद्र कुठे आहे?" मी म्हणालो.

तिला ते पटले. पेन्सिल घेऊन तिने ती फुली खोडली आणि तिथे दहावा शब्द लिहिला. मग पाने उलटत ती वहीच्या शेवटाकडे निघाली, तेव्हा मी वही हातातून काढून घेतली. शेवटच्या पानावर आजीच्या हाताने धाडलेल्या पैशांची बेरीज मांडलेली आहे. रुपये दोनशे अकरा, आणे सहा. खाली लिहिले आहे, पत्रे राहिले.