चौदाव्या वर्षाची गोष्ट, चाळिशीतला वाचक

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. १९३५ मध्ये ती पुस्तकरूपानं आली आणि तेव्हापासून मराठी घरांत ती मुलांच्या हाती दिली जाते. पण पुस्तकातली बैठक जरा निरखून पाहा. प्रार्थना झाल्यावर आश्रमातले सोबती जमतात आणि मोठा झालेला श्याम त्यांना आपल्या लहानपणाची एकेक आठवण सांगतो. सांगणारा जाणता आहे, ऐकणारेही बरेचसे जाणते आहेत. ते मध्येच प्रश्न विचारतात, गहिवरतात, ऐकलेल्यावर आपसात बोलतात. ज्या पुस्तकाला आपण मुलांचं म्हणतो, त्याच्या पहिल्या रात्रीपासून त्यात मोठी माणसं ऐकायला बसलेली आहेत.

ज्यांना कुमारांच्या कथा-कादंबऱ्या वाचाव्याशा वाटतात पण हातात घेताना संकोच वाटतो, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. हा संकोच केवळ आपल्याकडचा नाही. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाला मोठे वाचक मिळू लागले, तेव्हा ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेनं १९९८ मध्ये त्याच मजकुराची वेगळ्या, गंभीर मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. रेल्वेच्या डब्यात मोठ्या माणसाला ती उघडपणे वाचता यावी, एवढाच तिचा उपयोग. २०१४ साली रूथ ग्रॅहम यांनी अमेरिकेतल्या ‘स्लेट’मध्ये लिहिलं की, मोठ्यांनी किशोरांसाठीची पुस्तकं वाचताना ओशाळं व्हायला हवं. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला ग्रॅहम यांचं म्हणणं पटत नाही, पण त्यांच्या आक्षेपातला एक भाग मी गंभीरपणे घेतो: मोठा वाचक अशा पुस्तकांत नुसता विसावा शोधत असेल, तर तो त्या पुस्तकांवरही अन्याय करतो. कुमारसाहित्याच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे की, वाचताना आपलं आजचं वय बाजूला ठेवू नका. ते वय घेऊनच आत जा, आणि ते कुठे उपयोगी पडतं, कुठे आड येतं, हे तपासत राहा.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी अमेरिकेत १९६७ साली निघाली. किशोरांसाठीच्या आधुनिक कादंबरीची चर्चा बहुधा तिच्यापासून सुरू होते. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या या मुलीनं ती शाळेत असतानाच लिहिली. पुस्तक आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गोष्ट सांगतो तो चौदा वर्षांचा पोनीबॉय. आईवडील मोटार अपघातात गेलेले, घरात तिघे भाऊ, आणि थोरला डॅरी वीस वर्षांचा. डॅरी छपरांची कामं करून घर चालवतो आणि धाकट्यावर सतत खेकसतो. एका रात्री पोनीबॉय उशिरा घरी येतो, डॅरी त्याच्या थोबाडीत मारतो, पोरगा घराबाहेर पळतो आणि पुढचं सगळं त्यातून घडत जातं.

चौदाव्या वर्षी हे वाचणारा पोनीबॉयबरोबर पळतो. डॅरी त्याला कठोर, जवळजवळ परका वाटतो, कारण सांगणाऱ्यालाच तो तसा वाटतो. चाळिशीतला वाचक मात्र त्या थपडेपाशी थबकतो. त्याला दिसतं की हा बाप झालेला मुलगा स्वतःच जेमतेम विशीचा आहे. त्याचं कॉलेज हुकलं आहे, आणि काही बेकायदा घडलं तर सरकार दोन्ही धाकट्यांना उचलून अनाथाश्रमात टाकेल या धास्तीत तो रोज जगतो. हे सारं मजकुरातच आहे. हिंटन यांनी ते चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून, त्याला पुरतं न उमगता, सांगून टाकलं आहे. पोनीबॉयला ते फार उशिरा कळतं. मोठ्या वाचकाला आधी कळतं. या दोन कळण्यांमधल्या अंतरात कादंबरीची खरी वेदना आहे, आणि ती पुरती जाणवायला वय लागतं. मात्र तोच वाचक डॅरीची बाजू घेऊन पोनीबॉयला समजूतदारपणाचे धडे देऊ लागला, की पुस्तक त्याच्या हातून निसटलं म्हणून समजावं. पोनीबॉयचं दुखणंही तितकंच खरं आहे.

श्यामच्या आईकडेही असंच परतून पाहता येतं. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई दगडावर आपले ओचे पसरते. लहानपणी मनावर ठसतो तो आईचा पुढचा उपदेश. पुढे त्याच पुस्तकातलं कर्ज, घराची होत गेलेली दैना आणि आईचं आजारपण ध्यानात ठेवून हा प्रसंग पुन्हा वाचला, तर नजर ओल्या झालेल्या लुगड्यावर राहते. प्रौढ श्यामला ते सारं ठाऊक असतं, म्हणून त्याच्या सांगण्यात पश्चात्तापाचा ओलावा आहे.

तेव्हा या अभ्यासातला पहिला प्रश्न: गोष्ट कोण सांगतंय, कोणत्या वयातून सांगतंय? प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांचा पहिला संग्रह ‘वनवास’ १९९४ साली आला, तेव्हा लेखक साठीकडे झुकला होता. तरीही लंपनच्या निवेदनात मागाहून आलेलं शहाणपण कुठे मिसळलेलं नाही. बेळगाव भागातली ती कानडी वळणाची मराठी, आजी-आजोबांचं घर, आईवडिलांपासून दूर राहण्याचा सल, सुमीविषयीची नाव नसलेली ओढ: सगळं त्या पोराला जेवढं समजतं तेवढंच कागदावर येतं. उरलेलं आपण भरायचं. संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव हे ठाऊक असलेला वाचक लगेच कथांमागचं घर शोधायला लागतो. तो मोह मी समजू शकतो, पण शक्यतो दुसऱ्या वाचनापर्यंत तो आवरावा. आधी लंपनला बोलू द्यावं.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) तर कुमारांसाठी म्हणून आलीच नव्हती. नववीतल्या मुकुंद जोशीची ही गोष्ट मोठ्यांनी आधी उचलली, आणि मग ती मुलांपर्यंत पोचली. तिचा काळ आणीबाणीचा. मुकुंदाला त्याला आवडणारी शिरोडकर दिसते, मास्तर दिसतात, मित्रांची टोळी दिसते. देशात काय चाललंय ते मोठ्यांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कानावर येतं. आणीबाणी मार्च १९७७ मध्ये उठली हे आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं. रोबर्टा सीलिंगर ट्राइट्स यांनी ‘डिस्टर्बिंग द युनिव्हर्स’ (२०००) या ग्रंथात मांडलं आहे की, किशोरांच्या कादंबरीचा गाभा सत्तेशी होणाऱ्या ओळखीचा असतो: घर, शाळा, शासन या संस्था आपल्याला कशा घडवतात आणि आपल्याला त्यांच्याशी किती झगडता येतं, हे त्या वयात पहिल्यांदा कळू लागतं. ‘शाळा’ वाचताना हे म्हणणं मला फार जवळचं वाटतं. वर्गातली शिस्त आणि देशातली शिस्त शेजारी शेजारी ठेवून बोकील कुठेही भाषण करत नाहीत. ती जोड मोठ्या वाचकानं लावायची आहे.

सिद्धान्ताच्या वाटेनं जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी तीन नावं पुरेत. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ पासूनच आग्रह धरला की कलाकृती वाचक आणि मजकूर यांच्या भेटीत घडते. जॅकलिन रोज यांनी १९८४ मध्ये ‘पीटर पॅन’च्या निमित्तानं विचारलं की, मुलांसाठीच्या कथेत मूल असतं की मोठ्यांनी कल्पिलेलं मूल? आणि पेरी नोडलमन यांनी २००८ मध्ये अशा पुस्तकांत दडलेल्या प्रौढाचा माग काढला. तिघांना एकत्र वाचलं की आपलं स्थान थोडं अवघडच होतं, आणि ते तसं व्हायलाच हवं.

आता प्रतिसादाविषयी. आपल्याकडे मुलानं पुस्तक मिटलं की मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘यातून काय शिकलास?’ मला हा प्रश्न मनापासून खटकतो. तो विचारला की मूल परीक्षेतलं उत्तर देतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी ‘डॅरीचा राग आला का?’ असं विचारून पाहा. मुलाचं उत्तर ‘हो’ येईल, आपलं ‘नाही’ असेल, आणि मग दोघांनाही त्या पानावर परत जावं लागेल. भा. रा. भागवतांचा बन्या ऊर्फ फास्टर फेणे वाचत वाढलेल्या पालकांनी त्याच्यावरचा २०१७ चा चित्रपट मुलांसोबत पाहिला, तेव्हा कित्येक घरांत ‘आमचा बन्या असा नव्हता’ हे वाक्य नक्की उच्चारलं गेलं असेल. त्यापुढे ‘मग कसा होता?’ हे विचारणारं मूल मिळालं, तर तिथून समीक्षा सुरू होते.

एक काम मात्र आपण मोठ्यांनी अजून नीट हाती घ्यायचं आहे. या सगळ्या चर्चेत कुमार वाचकाविषयी आपण बोलतो ते बहुतेक आपल्या आठवणीवरून, आणि आठवण तर आजच्या वयानं घडवलेली असते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे, ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक आहे, गावोगावच्या शाळांत भित्तिपत्रकं आणि वह्या आहेत. मुलांनी त्या त्या वयात, वाचता वाचता काय लिहिलं, कशावर खूण केली, कोणतं पुस्तक अर्ध्यात टाकलं, हे अशा ठिकाणी शोधता येईल. शिक्षक आणि ग्रंथपाल यांना ते सर्वांत सोपं आहे. विद्यापीठातल्या अभ्यासकांची वाट न बघता आपल्या शाळेच्या कपाटापासून त्यांनी सुरुवात करावी, आणि मुलांची परवानगी घेऊन, नावं गाळून, ते कागद जपावेत.