आळस नव्हे, रक्ताचा आजार

धडगाव-अक्कलकुव्याकडचा माणूस कामात लवकर थकला की त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळं व्हायचं, ही जुनी खोड. चरकसंहितेत मात्र फिकटपणा, थकवा, धाप यांना ‘पांडुरोग’ म्हटलंय. औषधांतही लोह आहे. पण सगळाच थकवा लोह कमी पडल्याने येत नाही.

१९१० मध्ये शिकागोत डॉ. हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची नोंद केली. हाच सिकलसेल १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा समाजातही तो आहे. आईवडिलांकडून येतो, नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी जात नाही.

राष्ट्रीय निर्मूलन मोहीम आली थेट २०२३ मध्ये. म्हणजे ७१ वर्षांनी! तोवर किती जण ‘आळशी’ हा शिक्का घेऊनच गेले असतील? लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करा, मंडळी.