पंचावन्न इंचांचा कायदा

मागच्या रविवारी आम्ही चौघे कोपऱ्यावरच्या हॉटेलात मॅच बघत बसलो होतो. तीनदा चहा झाला तरी कुणी उठेना. भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत एकाने विचारलं, "मालकाला ह्याची परवानगी काढावी लागते का रे?" घरी येऊन शोधायला बसलो आणि पोचलो थेट अमेरिकेतल्या पिट्सबर्गला!

तिथे जॉर्ज एकेन नावाच्या गृहस्थाचं चिकनचं छोटंसं दुकान होतं. तो दुकानात रेडिओ लावायचा, छताला चार स्पीकर. मार्च १९७२ मध्ये रेडिओवर लागलेल्या दोन गाण्यांच्या हक्कदारांनी त्याच्यावर दावा ठोकला. रेडिओ स्टेशनने गाण्यांचे पैसे भरले होते, पण दुकानात ऐकवायचे वेगळे द्या, असं त्यांचं म्हणणं. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टात एकेन जिंकला.

१९७६ च्या नव्या कॉपीराइट कायद्याने हक्कदारांची बाजू बळकट केली, पण घरात असतो तसला संच लावणाऱ्या दुकानदाराला सूट ठेवली. आता 'घरातल्यासारखा' म्हणजे नक्की कसा? ह्यावर वीस वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या.

मग १९९८ मध्ये चक्क आकडे आले. प्रसारणातल्या संगीतापुरती सूट अशी: हॉटेल ३,७५० चौरस फुटांहून लहान असेल तर प्रश्नच मिटला. मोठं असेल तर जास्तीत जास्त चार टीव्ही, एका खोलीत एकच, आणि कुठलाही ५५ इंचांपेक्षा मोठा नको. स्पीकर एकूण सहा. पार्किंगची जागा मापात धरायची नाही, हेसुद्धा लिहिलंय! आमच्या क्लायंटने इतकी स्पष्ट रिक्वायरमेंट कधी दिली नाही :-)

पण गोची आकड्यांतच होती. ह्या मापात निम्म्याहून जास्त हॉटेलं आणि बार बसत होते. म्हणजे अपवाद हाच नियम झाला, आणि गाणी रचणाऱ्यांचे पैसे बुडाले. आयर्लंडच्या संगीतकारांच्या संस्थेने तक्रार केली, युरोपने ती जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. २००० मध्ये निकाल लागला: जुनी, मोघम 'घरगुती' सूट चालेल, ही आकडेवाली चालणार नाही. युरोपचं नुकसान ठरलं वर्षाला १२,१९,९०० युरो. अमेरिकेने तीन वर्षांचे मिळून ३३ लाख डॉलर भरले आणि कायदा तसाच ठेवला. बग मान्य, पण फिक्स करणार नाही! १९९८ मध्ये ५५ इंची टीव्ही म्हणजे कपाटाएवढं धूड. आज तो टू बीएचकेच्या हॉलमध्ये असतो. आकडा मात्र तोच.

आपल्या १९५७ च्या कायद्याचं कलम ३७ इंच मोजत नाही. प्रसारण लोकांना पैसे घेऊन दाखवलंत का, असं ते विचारतं. (त्यातल्या गाण्यांचे हक्क वेगळे.)

आम्ही काही तिकीट काढलं नव्हतं. पण टीव्ही नसता तर तीनदा चहा मागवला असता का?