आठवड्याला दोन सेंट

लखनौ म्हटलं की नवाब, इमामबाडे आणि सत्तावनची रेसिडेन्सी. आज मात्र देणगीबद्दल बोलू.

इथं ख्रिस्ती माणसाच्या देणगीची सर्वांत भव्य खूण म्हणजे ला मार्टिनियर. क्लॉड मार्टिन हा फ्रान्सच्या ल्यों शहरातला शिपाईगडी. कंपनीच्या फौजेत मेजर जनरल झाला, नवाबाच्या दरबारी गडगंज झाला आणि १८०० साली मरताना शाळांसाठी पैसा ठेवून गेला. आम्हा फौजींना तो जवळचा वाटतो. पण मृत्युपत्रातल्या पैशाची झळ देणाऱ्याला लागत नाही. म्हणून मला दुसरी गोष्ट मोठी वाटते.

मार्च १८६९, बॉस्टन. भर पावसात आठ बायका एका चर्चमध्ये जमल्या. बोलावणं होतं हिंदुस्थानातून परतलेल्या दोन मिशनऱ्यांच्या पत्नींचं: लोइस पार्कर आणि क्लेमेंटिना बटलर. म्हणणं साधं होतं. पडद्याआडच्या मुलींपर्यंत पुरुष शिक्षक आणि डॉक्टर पोचत नाहीत, बाईच पाठवायला हवी. वर्गणी ठरली आठवड्याला दोन सेंट, म्हणजे वर्षाला एक डॉलर नि वर चार सेंट. त्यात एक मेख होती. मुख्य मंडळाच्या उत्पन्नाला धक्का नको, म्हणून जाहीर सभेत पैसे गोळा करायचे नाहीत! कमिट्या सगळीकडे सारख्याच. तेव्हा पैसा येणार तो घरखर्चातून वाचवलेला.

ओहायोची शिक्षिका इझाबेला थोबर्न यायला तयार होती, पण तिला पाठवायला पैसे नव्हते. त्यावर सभेतली एक बाई म्हणाली, महागडे कपडे राहू देत, आपण साध्या छिटाचे झगे घालून बॉस्टनच्या रस्त्यांवर फिरू, पण हिला पाठवू. मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी ऐपतीबाहेर दिलं, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं होतं. दान जुलमाने नको, हेही त्यानंच सांगितलं. आमच्याकडे पगारातून निधी कापला जाई, तेव्हा कोणाच्या मनात प्रेम उचंबळून आल्याचं मला आठवत नाही. फरक तिथंच आहे.

१८ एप्रिल १८७० रोजी अमीनाबाद बाजारातल्या एका खोलीत थोबर्नबाईंनी सहा मुली घेऊन शाळा सुरू केली. दाराशी पहाऱ्याला काठी घेतलेला एक मुलगा. मग शाळा लाल बागेत गेली, १८८६ मध्ये कॉलेज झालं. इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर दोघी तिथं शिकल्या. उर्दू साहित्यावर त्या दोन सेंटांचं केवढं ऋण आहे पाहा.

थोबर्नबाईंबरोबर डॉक्टर क्लारा स्वेन आल्या, त्या बरेलीला गेल्या. त्यांच्या दवाखान्यासाठी रामपूरच्या नवाबाने १८७१ मध्ये आपली बाग-बंगल्याची जागा देऊन टाकली. म्हणजे देणारा मुसलमान, घेणारी ख्रिस्ती, औषध सगळ्यांना.

आता अवघड प्रश्न. हे प्रेम निरपेक्ष होतं का? धर्मांतराची इच्छा त्यामागे उघड होती, ती झाकण्यात अर्थ नाही. लीलावती सिंग ही थोबर्नबाईंची विद्यार्थिनी, पुढे तिथलीच प्राध्यापक. १९०० साली न्यूयॉर्कच्या मिशनरी परिषदेत तिचं भाषण ऐकून अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरिसन यांनी अशा अर्थाचे उद्गार काढले, की दहा लाख डॉलर देऊन एवढी एकच बाई ख्रिस्ती झाली असती, तरी पैसा सत्कारणी लागला असता. हे कौतुक मला खटकतं. त्यात माणसाचा हिशेब होतो.

आपल्या पंडिता रमाबाईंनी हा पेच ओळखला होता. १८८७ मध्ये त्याच बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. स्वतः ख्रिस्ती असूनही बाईंनी शारदा सदनात धर्माची सक्ती नको, हे मान्य केलं. दहा वर्षं मदतीचं वचन मिळालं, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन उघडलं. पुढे त्यावरूनही वादळ झालंच.

थोबर्नबाई मात्र हिशेबात राहिल्या नाहीत. १ सप्टेंबर १९०१ रोजी लखनौतच पटकीने गेल्या.