वनप्रांतांतील शाळा आणि मुलांचें मन

शाळांच्या इतिहासांत इमारती, पट, परीक्षा व अनुदानें यांच्या नोंदी विपुल सांपडतात. शाळेंत बसणाऱ्या मुलाच्या मनाची नोंद मात्र क्वचितच आढळते. ती नोंद ठेवण्यास आरंभ कोठें झाला, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतील मुलांना ती विद्या कितपत उपयोगीं पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

१८९६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञानें मुलांच्या मानसिक तपासणीचें पहिलें केंद्र उघडलें. त्याच्याकडे प्रथम आलेला मुलगा वेडा नव्हता. त्याला स्पेलिंग येत नव्हतें, इतकेंच. त्याच्या शिक्षिकेनेंच त्याला तेथें आणिलें होतें. पुढें १९१३ सालीं लंडनच्या कौंटी कौन्सिलनें सिरिल बर्ट यांस शाळांसाठीं मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमिलें. आपल्याकडे १९३६ मध्यें मुंबईस सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय निघालें, आणि लगेच १९३७ मध्यें त्या विद्यालयानें बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलें. मुलाशीं बोलावें, आईबापांशीं बोलावें, शिक्षकांशीं बोलावें, आणि मग मुलाच्या अडचणीचें मूळ शोधावें, अशी ही पद्धति. तींत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, मुलाचें घर शाळेच्या जवळ आहे. आणि दुसरी, मुलाचें बोलणें तपासणाराला कळतें.

गडचिरोलींत या दोन्ही गोष्टी डळमळतात. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यांतच मोडत होता. एटापल्ली, भामरागड, धानोरा या बाजूस माडिया व गोंड लोकांची वस्ती. त्यांच्या भाषा द्राविड कुळांतल्या. मराठीपेक्षां तेलुगूशीं त्यांचें नातें अधिक जवळचें. वस्त्या विरळ, आणि पावसाळ्यांत नाले चढले कीं वाट बंद. अशा प्रदेशांत रोज जाऊन-येऊन शिकणें कठीण. म्हणून राहण्याजेवण्याची सोय असलेल्या आश्रमशाळा आवश्यक ठरल्या. ठक्करबाप्पांनीं १९२२ मध्यें पंचमहालांत भिल्ल सेवा मंडळ स्थापून ज्या प्रकारच्या कामाचा पाया घातला, त्याचाच विस्तार महाराष्ट्र शासनानें १९७२-७३ पासून आपल्या योजनेनें केला. या शाळांनीं अक्षरें दिलीं, अन्न दिलें, कित्येकांना नोकरीची वाट दाखविली. हें श्रेय त्यांस न देणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनें हा व्यवहार कसा दिसतो? एका दिवसांत त्याची आई, त्याचें रान आणि त्याची बोली हीं तिन्ही सुटतात. मग तें गप्प बसतें, अंथरूण ओलें करतें, पोट दुखतें म्हणून सांगतें, किंवा संधि साधून गांवाची वाट धरतें. गप्प बसणाऱ्यास मंद म्हणावें आणि पळणाऱ्यास उनाड, हा सोपा मार्ग होय. आमच्या मतें यांतील पुष्कळसें वर्तन रोगाचें नसून शोकाचें आहे; आणि शोकावर शिक्षा हा उपाय नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, आणि शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असेंही म्हटलें आहे. हीं दोन कलमें निरनिराळीं वाचण्याची आपली संवय चुकीची आहे. मुलाची भाषाच वर्गाबाहेर ठेवणें हाही एक मानसिक जाचच नव्हे काय?

याचा उलगडा याच जिल्ह्यांत झालेला दिसतो. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें राहून प्रथम माडिया शिकून घेतली. शाळा निघाली ती १९७६ मध्यें. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधीं मोठ्यांनीं मुलांची भाषा शिकावी, मग मुलांनीं मोठ्यांची. पुढें २०१९ मध्यें धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. मान्यतेच्या अभावीं शिक्षणखात्यानें तिला अनधिकृत ठरविलें. कायद्याची बाजू कांहींही असो, आपलें मूल आपल्याच बोलींत शिकावें ही त्या गांवाची इच्छा विचारांत घेण्याजोगी आहे.

आतां शाळांना समुपदेशक द्यावे अशी मागणी होते, व ती रास्त आहे. १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून दूरध्वनीनें मानसिक साहाय्यही मिळतें. तथापि ज्या मुलाला आपल्या दुःखासाठीं मराठी शब्द अजून सांपडलेला नाहीं, त्याला दूरध्वनि काय कामाचा? त्याच्याजवळ रात्रीं जें माणूस असतें तें म्हणजे अधीक्षिका, स्वयंपाकी, नाहीं तर कामाठी. या माणसांना मुलाचें मौन ओळखण्याचें शिक्षण द्यावें. गांवांतील जाणत्या स्त्रियांना शाळेंत मानानें बोलवावें. आईबापांस भेटण्याची मोकळीक असावी. आणि येणाऱ्या समुपदेशकानें पहिले कांहीं महिने केवळ विद्यार्थी व्हावें. विटमरकडे मुलास नेणारी ती एक शाळाशिक्षिकाच होती, हें विसरूं नये. मुलाला काय होतें आहे हें प्रथम शिक्षकाच्या लक्षांत यावयास हवें. तें यावें एवढी जवळीक शाळेंत असली, म्हणजे तज्ज्ञाचें निम्में काम झालें असें समजावें.