कुलदैवतांचे स्थलांतर व पूर्वजांची निष्ठा

आपण सारस्वत कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनास फोंडा महालात जातो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांची मूळ गावे साष्टीतील. हे अंतर कसे पडले, हे प्रत्येक घरातील मुलांस ठाऊक असावयास हवे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने आपल्या मुलखातील हिंदु धर्माचरणावर एकामागून एक निर्बंध लादले. इ. स. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली. १५५९ मध्ये अनाथ हिंदु मुले ख्रिस्ती संगोपनाखाली देण्याचा हुकूम निघाला, १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले, आणि १५६७ साली साष्टीतील देवळांवर तोच प्रसंग आला.

अशा वेळी शेतभात राखावे की धर्म, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. जे मागे राहिले व ख्रिस्ती झाले, त्यांची अगतिकता आपण जाणली पाहिजे. तेही आपल्याच रक्ताचे. जे निघाले, त्यांनी देव बरोबर घेतले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. फोंडा महालावर त्या वेळी आदिलशाही अंमल होता. तेथे पूजेस आडकाठी नव्हती.

परंतु आज दिसणारी वैभवशाली मंदिरे तेव्हा नव्हती. कवळ्याचे सध्याचे देवालय शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, इ. स. १७३८ च्या सुमारास, मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तोपर्यंत सुमारे पावणेदोनशे वर्षे देवीचे स्थान साधेच होते. मूळ गाव परत मिळण्याची आशा न दिसताही सहा-सात पिढ्यांनी नित्यपूजा, नैवेद्य व उत्सव खंडू दिले नाहीत. कित्येक कुटुंबे पुढे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगली. तरी कुलदेवतेच्या नात्याने ती एकमेकांस ओळखत राहिली. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, तेव्हा हे नाते शाबूत होते.

संकट दीर्घकाळ चालते तेव्हा एका दिवसाचा आवेश पुरत नाही; सांजवात रोज लावावी लागते. पूर्वजांचे सामर्थ्य त्या नेमात होते. म्हणून यंदा दर्शनास जाल तेव्हा मुलांस कुलदेवतेच्या नावासोबत तिच्या मूळ गावाचे नावही अवश्य सांगावे, एवढीच समाजबांधवांस नम्र विनंती.